बांधकाम व्यवस्थापन पदवी: सगळ्या निष्पत्ती ८० टक्क्यांच्या वर, तरी सल्लागार मंडळ नाराज. मोजमापात चूक कुठे?

प्रश्न: समन्वयक_बांव्य

चार वर्षांच्या बांधकाम व्यवस्थापन पदवीचा मूल्यमापन आराखडा नव्याने लिहायचा आहे. सध्या एक ध्येयवाक्य, सहा उद्दिष्टं आणि अठरा निष्पत्ती (लर्निंग आउटकम्स) आहेत. प्रत्येक निष्पत्तीला तीन-चार विषय जोडलेत. त्या विषयांत ६० टक्क्यांहून जास्त गुण मिळवणाऱ्यांचं प्रमाण म्हणजे अटेनमेंट (निष्पत्ती किती साध्य झाली तो आकडा). जोडीला शेवटच्या सत्रातला एक्झिट सर्व्हे, म्हणजे आपल्याला काय येतं याबद्दल विद्यार्थ्यांचंच मत.

सगळ्या निष्पत्ती ८० च्या वर दिसतात. सल्लागार मंडळावरचे कंत्राटदार मात्र दर बैठकीत दोनच गोष्टी सांगतात: नव्या मुलांना दुसऱ्याने केलेलं वेळापत्रक तपासता येत नाही, आणि अंदाजपत्रकात काय धरलंय, काय सोडलंय हे ती लिहीत नाहीत.

माझे प्रश्न: उद्दिष्ट आणि निष्पत्ती यांत फरक किती काटेकोर ठेवायचा? विषयाचे गुण नाही तर मग काय मोजायचं? लक्ष्य किती टक्के ठेवावं? आणि अठराच्या अठरा दरवर्षी मोजायच्या का? वर्गात ३० ते ३५ विद्यार्थी असतात.

---

निकष_वाचक

पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो. उद्दिष्ट म्हणजे पदवीनंतर काही वर्षांनी पदवीधर कुठे असावा; निष्पत्ती म्हणजे पदवी हातात पडते त्या दिवशी त्याला काय करता यावं. 'प्रकल्पाची जबाबदारी स्वतंत्रपणे सांभाळतो' हे उद्दिष्ट. 'दिलेल्या नकाशांवरून अंदाजपत्रक तयार करतो' ही निष्पत्ती. पहिलं वर्गात मोजता येत नाही आणि मोजायचा प्रयत्नही करू नका. अबेटसारखी अमेरिकेतली अभियांत्रिकी शिक्षणाची मान्यता-संस्थासुद्धा उद्दिष्टांबाबत मागते ती ठरावीक काळाने भागधारकांसोबत आढावा घेण्याची लिखित पद्धत. मोजमाप मागते ते निष्पत्तींचं.

सहा उद्दिष्टं जास्त होतात, तीन पुरेत. 'जागतिक दर्जाचे नेतृत्व घडवणे' असली वाक्यं काढून टाका. ती खोटी ठरवता येत नाहीत, म्हणून खरी आहेत हेही दाखवता येत नाही.

निष्पत्तीचं क्रियापद जपून निवडा. अमेरिकेतली एसीसीई ही बांधकाम शिक्षणाचीच मान्यता-संस्था, १९७४ सालची. तिने पदवीसाठी वीस निष्पत्तींची यादी दिली तेव्हा क्रियापदं स्वतःच ठरवून दिली होती: लेखी व तोंडी सादरीकरण, सुरक्षा आराखडा, अंदाजपत्रक आणि वेळापत्रक 'तयार करणं', नैतिक निर्णय, बांधकाम कागदपत्रं, पद्धती-साहित्य-यंत्रं यांचं 'विश्लेषण करणं', सर्वेक्षण आणि संगणकीय साधनं 'वापरणं', आणि करारकायदा, जोखीम, लेखा, गुणवत्ता नियंत्रण, संरचनेचं वर्तन वगैरे 'समजणं'. क्रियापदावरून साधन ठरतं. 'समजणं' बहुपर्यायी प्रश्नांनी मोजता येतं, 'तयार करणं' नाही. तुमच्या अठरांपैकी कितींचं क्रियापद आणि मोजायचं साधन एकमेकांशी जुळतं, हे आधी तपासा. निम्म्यांचं तरी जुळणार नाही असा माझा अंदाज.

---

मोजमापवही

विषयाचे गुण निष्पत्तीचा पुरावा का होत नाहीत, ते 'अंदाजपत्रक' याच विषयावर पाहू. शंभरातले समजा २० गुण हजेरी आणि वह्यांचे, ३० मध्यसत्राचे (त्यात व्याख्या, अंदाजपत्रकाचे प्रकार), ५० अंतिम परीक्षेचे, आणि त्यातले प्रत्यक्ष मोजणीचे २०. एखाद्याला मोजणीत ५ मिळाले तरी तो ६५ वर जाऊ शकतो आणि तुमच्या तक्त्यात 'निष्पत्ती साध्य' म्हणून बसतो. ८० टक्के येण्याचं कारण हेच. विषयाच्या गुणांत दहा गोष्टी मिसळलेल्या असतात. तुम्हाला त्यातली एक हवी आहे.

उपाय असा की एक काम निवडायचं, त्यातल्या ठरावीक ओळी निवडायच्या आणि फक्त त्यांनाच पातळी द्यायची. गुण द्यायचे ते शिक्षकाने वेगळे द्यावेत. अंदाजपत्रकासाठी मी या पाच ओळी धरीन.

*मोजणी.* कॅपस्टोनच्या (शेवटच्या वर्षाच्या मोठ्या प्रकल्पाच्या) इमारतीतल्या पाचच बाबी तपासा: पायाचं काँक्रीट, कॉलमचं शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा), तुळईचं पोलाद, भिंतीचं वीटकाम, फरशी. उत्तरपत्र आधी दोघांनी स्वतंत्रपणे काढून जुळवलेलं असावं. काँक्रीटला ३ टक्के, शटरिंग आणि पोलादाला ५ टक्के फरक चालवा. चुका ठरलेल्या असतात. स्लॅबची जाडी तुळईच्या खोलीत धरून पुन्हा स्लॅबमध्येही धरणं. शटरिंग काँक्रीटला टेकणाऱ्या पृष्ठभागाऐवजी वरून दिसणाऱ्या क्षेत्रफळावर काढणं, म्हणजे तुळईच्या दोन्ही बाजू गायब. पोलादात लॅप (दोन सळया एकमेकींवर येतात तो भाग) आणि हूक (सळईचं वाकवलेलं टोक) न धरणं. वीटकामातून दरवाजा-खिडकी वजा करणं पण लिंटेल (दरवाजा-खिडकीवरची आडवी तुळई) विसरणं. सळईचं वजन काढताना व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं (१२ मिमीला ०.८९ किलो प्रतिमीटर), लांबी मात्र चुकलेली असते. म्हणून नुसता अंतिम आकडा न बघता बार बेंडिंग शेड्यूल (प्रत्येक सळईचा आकार, लांबी आणि संख्या यांचा तक्ता) मागवा.

*दर विश्लेषण.* साहित्याचा भाग बहुतेकांचा बरोबर येतो. ओल्या काँक्रीटचं कोरडं आकारमान १.५४ ने गुणून काढणं सगळ्यांना येतं. फसतं ते मजुरीत. टोळी किती जणांची, दिवसाला काम किती, आणि हा आकडा आणला कुठून, या तिन्हींची उत्तरं कागदावर नसतील तर वरची पातळी द्यायची नाही.

*गृहीतकं आणि वगळलेल्या बाबी.* कंत्राटदारांची तक्रार इथली आहे. माती कुठे टाकणार, खडक लागला तर काय, तात्पुरती वीज-पाणी कोणाच्या खर्चात, भाववाढ धरली का, नकाशा आणि तपशीलपत्रकात विसंगती असेल तिथे काय मानलं. नकाशात मुद्दाम तीन विसंगती ठेवा. किती जण त्या पकडून लिहून देतात ते मोजा. ही ओळ स्वतंत्र नसेल तर कोणी लिहीत नाही, कारण गुण कशाला आहेत ते मुलांना अचूक ठाऊक असतं.

*साईट ओव्हरहेड.* म्हणजे काम चालू असेपर्यंत साईट चालवायचा खर्च. अंदाजपत्रक आणि वेळापत्रक दोन वेगळ्या शिक्षकांकडे असतात, त्यामुळे ओव्हरहेड आठ महिन्यांचा आणि वेळापत्रक साडेदहा महिन्यांचं, असं सर्रास सापडतं. एका नजरेत तपासता येणारी ही ओळ आहे आणि विद्यार्थ्याने प्रकल्प एकसंध पाहिला की तुकड्यांत, हे ती लगेच सांगते.

*ताळा.* एक घनमीटर काँक्रीटमागे पोलाद किती किलो, एक चौरसमीटर बांधकामामागे काँक्रीट किती. साध्या निवासी इमारतीच्या स्लॅबला पोलाद घनमीटरमागे १०० किलोच्या आसपास यावं. ३०० आलं आणि विद्यार्थ्याने ते तसंच छापून दिलं, तर मोजणीपेक्षा मोठी उणीव इथे आहे.

---

तर्कजाळं

वेळापत्रकाबद्दल माझी भर, आणि थोडा विरोधही. कंत्राटदार म्हणतात 'तपासता येत नाही' आणि तुमची निष्पत्ती म्हणते 'तयार करतो'. ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. स्वतःचं वेळापत्रक बनवणाऱ्याला दुसऱ्याच्या फाइलमधली चूक दिसतेच असं नाही. तेव्हा कॅपस्टोनमध्ये कितीही बारीक रुब्रिक (ओळीनिहाय पातळ्यांचा तक्ता) लावलं तरी ही तक्रार मोजली जाणार नाही.

त्यासाठी वेगळं साधन लागतं: १०० ते १२० कामांची तयार फाइल, त्यात पेरलेल्या आठ चुका, दोन तास आणि एकट्याने काम. चुका अशा पेरा:

- एका मजल्याच्या कॉलम काँक्रीटला पुढचा दुवाच नाही, त्यामुळे त्याला भरमसाट फ्लोट (उशीर झाला तरी चालेल अशी मोकळीक) दिसतो.
- क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) आठवड्यात सहा दिवसांच्या कॅलेंडरवर टाकलंय. पाणी रोज मारायचं असतं. काँक्रीट सुट्टी घेत नाही.
- शेवटच्या टप्प्यावर 'याच तारखेला संपलंच पाहिजे' असं बंधन, त्यामुळे आधीच्या साखळीत उणे फ्लोट.
- विजेचे पाइप भिंतीत बसण्याआधीच प्लास्टर सुरू.
- प्रगतीची नोंद करताना एका कामाची प्रत्यक्ष सुरुवात डेटा डेटच्या (प्रगती ज्या तारखेपर्यंत नोंदवली तिच्या) पुढची.
- स्लॅबचे टेकू काढण्याचं काम यादीतच नाही, त्यामुळे शटरिंगचे सेट दोनच असताना तीन मजल्यांवर एकाच वेळी शटरिंग.
- कामाऐवजी १५ दिवसांचा लॅग (दोन कामांमधली नुसती वाट) टाकून मधली मंजुरी लपवलेली.
- ६० दिवसांचं एकच काम, 'अंतर्गत फिनिशिंग'.

आठपैकी किती सापडल्या हे अर्धं मोजमाप. उरलेलं अर्धं असं की सापडलेल्या चुकीने पूर्ण होण्याच्या तारखेवर काय परिणाम होतो हे दोन ओळींत लिहिता येतं का. चुकीची यादी सॉफ्टवेअरही काढून देतं. परिणाम सांगायला माणूस लागतो.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या कंत्राट व्यवस्थापन संस्थेची, म्हणजे डीसीएमएची, वेळापत्रक तपासायच्या १४ कसोट्यांची यादी काही जण जशीच्या तशी रुब्रिक म्हणून वापरतात. तसं करू नका. तिथली एका कामाच्या लांबीची ४४ कार्यदिवसांची मर्यादा मोठ्या प्रकल्पांना ठीक. विद्यार्थ्याच्या दहा महिन्यांच्या प्रकल्पात २० दिवसांवरचं प्रत्येक काम फोडायला सांगायला हवं. शिवाय त्या कसोट्या जाळ्याची रचना तपासतात, बांधकामाचा क्रम नव्हे. प्लास्टर आधी आणि पाइप नंतर असलेलं वेळापत्रक त्या चौदाच्या चौदा कसोट्या पार करू शकतं.

---

टक्केवारी_नको

लक्ष्याबद्दल. बत्तीसच्या वर्गात एक विद्यार्थी म्हणजे ३.१ टक्के. बारा जण असतील तर ८.३. तेव्हा 'गेल्या वर्षी ७५, यंदा ७८, सुधारणा झाली' या वाक्यात एकाच मुलाचा फरक आहे. एका वर्षाच्या आकड्यावरून अभ्यासक्रम हलवू नका. तीन वर्षांचे विद्यार्थी एकत्र करून बघा. अपवाद एकच: आकडा एकदम कोसळला तर त्याच वर्षी चौकशी करा, आणि आधी प्रश्नपत्रिका आणि शिक्षक बदलले होते का ते पाहा.

चार पातळ्यांचं रुब्रिक पुरेसं, पहिली सगळ्यात खालची. पाच ठेवल्या की सगळे तिसरी देतात. तिसऱ्या पातळीची व्याख्या एका वाक्यात, कामाच्या भाषेत करा: 'वरिष्ठाने एकदा नजर टाकून किरकोळ दुरुस्तीनंतर वापरता येईल.' 'चांगलं', 'समाधानकारक' हे शब्द रुब्रिकमध्ये नकोत; प्रत्येक जण ते आपापल्या मापाने वाचतो.

लक्ष्य दोन भागांत ठेवा: प्रत्येक ओळीवर ७५ टक्के विद्यार्थी तिसऱ्या पातळीवर किंवा वर, आणि पहिल्या पातळीवर १० टक्क्यांहून जास्त नाहीत. दुसरी अट नसेल तर तळाचे पाच-सहा जण दरवर्षी नजरेआड होतात. ओळींची सरासरी काढू नका. मोजणी ९० आणि गृहीतकं ४५ यांची सरासरी ६७.५ येते, आणि ती दोन्हींबद्दल चुकीची माहिती देते.

आणखी एक प्रथा मोडायला हवी: प्रत्यक्ष मोजमाप ८० टक्के आणि सर्व्हे २० टक्के असं मिसळून एक आकडा काढणं. दोन्ही शेजारी ठेवा, कारण खरी माहिती त्यांच्या तफावतीत असते. काम ५८ आणि सर्व्हे ९० असेल तर विद्यार्थ्यांना आपल्याला येत नाही हेच माहीत नाही. म्हणजे वर्गातले अभिप्राय आणि गुणदान सैल आहे. दोन्ही कमी असतील तर तो भाग शिकवलाच गेलेला नाही. काम ८५ आणि सर्व्हे ५० असेल तर बहुधा साधनच सोपं झालंय.

परीक्षकांची जुळणी मात्र चुकवू नका. सुरुवातीला चार कामं निवडा: एक उत्तम, दोन मधली, एक कच्चं. तिघांनी न बोलता पातळ्या द्यायच्या. पाच ओळी आणि चार कामं, म्हणजे वीस निर्णय. त्यातले निदान चौदा तिघांचे तंतोतंत जुळले पाहिजेत. जिथे दोन पातळ्यांचा फरक पडतो तिथे वाद घालत बसू नका, त्या ओळीची व्याख्या पुन्हा लिहा. दीड-दोन तासांचं काम आहे. त्यानंतरच बाकीची कामं वाटून घ्या, आणि स्वतः शिकवलेल्या विषयाचं काम स्वतः तपासू नका.

---

समन्वयक_बांव्य

फार उपयोगी. दोन अडचणी उरतात. कॅपस्टोन चार-पाच जणांच्या गटात होतं, त्यामुळे पातळी गटाला मिळते, विद्यार्थ्याला नाही. आणि नियोक्त्यांच्या सर्व्हेला उत्तरंच येत नाहीत. शिवाय सुरक्षा आराखड्याचं काय करायचं? सगळे एकाच नमुन्यावरून उतरवलेले असतात.

---

मोजमापवही

गटातल्या एका चांगल्या विद्यार्थ्याच्या जोरावर पाच जण 'साध्य' होतात, हे खरंच आहे. गटाचं काम गटाचंच राहू द्या, कारण 'संघात काम करणं' ही निष्पत्ती मोजायला तेच लागतं. 'तयार करणं' मोजायला मात्र सादरीकरणानंतर प्रत्येकाला दहा मिनिटांचा एकट्याचा बदल द्या. सादरीकरण झालं की चिठ्ठी उचलायची: 'दुसऱ्या मजल्याची स्लॅब १२५ ऐवजी १५० मिमी झाली. काँक्रीट, पोलाद, शटरिंग, वेळ: काय बदलेल आणि काय नाही?' ज्याने फाइल उघडलीच नाही तो शटरिंगचं क्षेत्रफळ वाढवून बसतो, आणि स्लॅबच्या कडा सोडल्या तर ते वाढतच नाही. पाच जणांच्या गटाला पन्नास मिनिटं लागतात, बत्तीस जणांना साधारण साडेपाच तास. याहून स्वस्तात ते होत नाही.

सुरक्षा आराखड्यात एकच ओळ निर्णायक ठेवा: धोका याच साईटचा आहे का आणि उपाय कोणत्या पायरीवरचा आहे. धोका काढून टाकणं, पर्याय वापरणं, अभियांत्रिकी उपाय, कामाची पद्धत, आणि सगळ्यात शेवटी हेल्मेट-पट्टा. ज्या आराखड्यात प्रत्येक धोक्यासमोर शेवटचीच पायरी आहे तो पहिल्या पातळीवर. तीन मीटर खोल खोदकामाला उतार किंवा आधार, चढायची शिडी, आणि काढलेली माती काठापासून किती लांब, हे नसेल तर चाळीस पानांचा आराखडासुद्धा पहिल्याच पातळीवर. आणि नकाशात उच्चदाबाची तार किंवा शेजारची जुनी भिंत असं काहीतरी ठेवा. नमुन्यात ते नसतं, त्यामुळे उतरवलेला आराखडा लगेच उघडा पडतो.

---

निकष_वाचक

नियोक्त्यांच्या सर्व्हेऐवजी सल्लागार मंडळालाच कामाला लावा. तसंही ते बैठकीला येतातच. नावं काढलेली सहा कामं आणि तेच रुब्रिक त्यांच्या हातात द्या, अर्धा दिवस. त्यांच्या आणि शिक्षकांच्या पातळ्यांत फरक किती, हा आकडा शंभर सर्व्हेंपेक्षा मोलाचा. शिक्षक जिथे तिसरी देतात तिथे कंत्राटदार दुसरी देत असतील, तर तुमची तिसरी पातळी खाली घसरली आहे.

बाहेरची परीक्षा उपलब्ध असेल तर तीही जोडा. अमेरिकेतल्या एआयसी या बांधकाम व्यावसायिकांच्या संस्थेची पदवीच्या टोकाला देता येणारी असोसिएट कन्स्ट्रक्टर परीक्षा तिथले बरेच कार्यक्रम प्रत्यक्ष साधन म्हणून वापरतात. 'समजणं' प्रकारच्या निष्पत्तींना ती चालते. बहुपर्यायी परीक्षेने 'तयार करणं' सिद्ध झालं असं मात्र लिहू नका.

अठरा दरवर्षी नकोत. 'तयार करणं' प्रकारच्या पाच दरवर्षी, बाकीच्या तीन वर्षांत वाटून. प्रत्येक निष्पत्तीसाठी ओळख, सराव, प्रभुत्व असे तीन टप्पे विषयांवर मांडा आणि निर्णायक मोजमाप प्रभुत्वाच्या टप्प्यावरच घ्या. सरावाच्या टप्प्यावर, म्हणजे साधारण चौथ्या-पाचव्या सत्रात, त्याच रुब्रिकच्या दोन ओळी वापरून छोटी तपासणी ठेवलीत तर गळती कुठे सुरू होते ते कळतं.

नोकरी लागल्याचं प्रमाण, मध्येच सोडून जाणारे, एका टोटल स्टेशनमागे (सर्वेक्षणाच्या यंत्रामागे) किती विद्यार्थी, शिक्षकांचा अलीकडचा साईट अनुभव, हे सगळं कार्यक्रमाच्या गुणवत्तेचं आहे आणि मोजायलाच हवं, पण वेगळ्या तक्त्यात. मागणी वाढली की नोकऱ्या सगळ्यांनाच लागतात. त्यावरून वेळापत्रक येतं असं ठरत नाही.

---

तर्कजाळं

सुधारणेच्या नोंदीबद्दल कोणी बोललं नाही, आणि तपासणी समिती सगळ्यात आधी तीच उघडते. नोंदवहीत एवढे रकाने हवेत: निष्पत्ती व ओळ, साधन, लक्ष्य, निकाल, कारण, बदल, कोणाकडे, पुन्हा मोजणी कधी. 'अधिक सराव देण्यात येईल' हा बदल नव्हे, कारण तो झाला की नाही हे कोणालाच तपासता येत नाही. अशी नोंद चालेल:

*अंदाजपत्रक, गृहीतकांची ओळ. साधन: कॅपस्टोन. लक्ष्य ७५, निकाल ४४ (३२ पैकी १४). कारण: आधीच्या एकाही विषयात विसंगत नकाशे दिले जात नाहीत. बदल: पाचव्या सत्रातल्या दोन गृहपाठांत प्रत्येकी तीन विसंगती, सोबत एक पानी गृहीतकपत्रक सक्तीचं. जबाबदारी: विषयशिक्षक. पुन्हा मोजणी: हा बदल मिळालेली पाचव्या सत्रातली तुकडी कॅपस्टोनला पोचेल तेव्हा, दीड वर्षाने.*

शेवटचा रकाना नीट बघा. पाचव्या सत्रात केलेल्या बदलाचा परिणाम पुढच्या वर्षीच्या कॅपस्टोनमध्ये पूर्ण दिसेलच असं नाही, कारण ती मुलं तो टप्पा ओलांडून गेलेली असू शकतात. तरी बहुतेक आराखड्यांत 'पुढील वर्षी' असंच छापलेलं असतं. आणि त्याच काळात रुब्रिक बदललंत तर आधी-नंतरची तुलना गेली. रुब्रिक बदलावंच लागलं तर जुनी पाच-सहा कामं जपून ठेवा आणि नव्या रुब्रिकने ती पुन्हा तपासा.

---

टक्केवारी_नको

समन्वयक, एक इशारा. हे सगळं लावलंत की पहिल्या वर्षी आकडे ८० वरून ५० च्या आसपास येतील. प्राचार्यांना आणि मंडळाला ते आधीच लेखी कळवा, कारण मधल्यामध्ये कोणीतरी लक्ष्य ७५ वरून ५० वर आणायचं सुचवणारच. निकाल हाती आल्यावर लक्ष्य हलवायचं नाही, असा ठराव मोजणी सुरू होण्याआधीच्या बैठकीत करून घ्या आणि इतिवृत्तात नोंदवा.